वायरलेस हवामान केंद्र शाळेत नेमकं कुठे बसवायचं?



अलीकडे बऱ्याच शाळांमध्ये छोटी वायरलेस हवामान केंद्रं दिसू लागली आहेत. कुणाला लोकवर्गणीतून मिळतात, कुणाला एखादा माजी विद्यार्थी भेट देतो. खोका उघडला की मुलांना भलताच उत्साह येतो. संच लगेच जोडून होतो, डिस्प्लेवर आकडे दिसतात, टाळ्या पडतात. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. बाहेरचा संच बसवायचा कुठे, आणि आतला डिस्प्ले ठेवायचा कुठे?

हा प्रश्न साधा वाटतो, पण त्यात दोन गरजा एकमेकींना उलट्या दिशेला ओढतात. हवा नीट मोजायची तर संच इमारतीपासून लांब, मोकळ्यावर हवा. सिग्नल नीट पोचायचा तर तो जवळ हवा, मध्ये भिंत नको. ही ओढाताण कशी सोडवायची याचा हा पाठ आहे. इयत्ता ५ वी ते ७ वीच्या मुलांबरोबर तो तीन-चार तासिकांत सहज होतो. विज्ञान, परिसर अभ्यास आणि गणितातली शेकडेवारी तिन्ही त्यात येतात.

एक नियम सुरुवातीलाच फळ्यावर लिहून ठेवा. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे:

जागा आधी हवेसाठी ठरवायची. सिग्नलसाठी डिस्प्ले हलवायचा, तापमापक नाही.

१. संचाची ओळख

संचाचे दोन भाग असतात. बाहेरच्या भागात तापमान, आर्द्रता, वारा आणि पाऊस मोजणारे सेन्सर असतात, शिवाय एक छोटा ट्रान्समीटर आणि बॅटरी. आतल्या भागात, म्हणजे डिस्प्लेमध्ये, रिसीव्हर असतो. दोघांच्या मध्ये वायर नसते. रेडिओ लहरींवरून निरोप जातो.

मुलांना समजवायला दवंडीचं उदाहरण चांगलं लागू पडतं. दवंडीवाला चौकात येतो, ओरडून सांगतो आणि पुढे जातो. कोणी ऐकलं, कोणी नाही हे विचारायला तो थांबत नाही. बहुतेक स्वस्त संच असेच असतात. सेन्सर ठरावीक वेळाने एकदा बोलतो आणि बॅटरी वाचवण्यासाठी परत झोपतो. निरोप पोचला नाही हे त्याला कळतच नाही, त्यामुळे तो पुन्हा सांगत नाही. हुकलं ते हुकलं.

किती वेळाने बोलतो हे पुस्तिकेत दिलेलं असतं. पुष्कळ संचांत हा काळ १६ सेकंद असतो. म्हणजे तासाला २२५ निरोप. त्यातले दोन-चार हुकले तर बिघडत नाही. पण सलग अर्धा तास हुकले तर नोंदवहीत भोक पडतं, आणि ते बहुधा जोराच्या पावसात पडतं, म्हणजे जेव्हा आकडा सगळ्यात जास्त हवा असतो तेव्हाच. तसं का होतं ते पुढे बघू.

२. आधी हवेची जागा

हवामानशास्त्रात जगभर जे नियम पाळतात, त्यातले आपल्या उपयोगाचे असे:

- तापमापक जमिनीपासून १.२५ ते २ मीटर उंचीवर, सावलीत पण वारा खेळता राहील असा. आपल्या संचात तो थाळ्या रचल्यासारख्या पांढऱ्या आवरणात असतो. ते आवरण काढू नये, रंगवूही नये.
- खाली शक्यतो माती किंवा गवत. सिमेंटचा कोबा, डांबर आणि पत्रा दुपारी तापतात आणि संध्याकाळी उष्णता सोडतात.
- पर्जन्यमापकाच्या तोंडापेक्षा झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतरावर मापक हवा. चौपट असेल तर उत्तम. भारतीय हवामान विभागाच्या साध्या पर्जन्यमापकाचं तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर असतं.
- वारा मोजण्याची प्रमाण उंची १० मीटर, आणि अडथळा त्याच्या उंचीच्या निदान दहापट लांब.

शेवटचा नियम शाळेत पाळणं जवळजवळ अशक्य आहे. सगळे सेन्सर एकाच दांड्यावर असलेल्या संचात तर नाहीच. अशा वेळी तापमान आणि पाऊस यांना प्राधान्य द्या आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा: ‘वारा २ मीटर उंचीवर मोजला आहे.’ असं लिहिलेलं असलं की वाचणाऱ्याची फसगत होत नाही.

आता मुलांना मैदानावर न्या. शाळेचा नकाशा काढायला लावा. इमारत, कंपाउंडची भिंत, झाडं, पोषण आहाराचं स्वयंपाकघर, पाण्याची टाकी, ध्वजस्तंभ, खो-खोचं मैदान. प्रत्येक गटाने एक जागा सुचवायची आणि तिच्या बाजूने बोलायचं. ‘स्वयंपाकघराजवळ का नको?’ (चुलीची ऊब.) ‘आंब्याखाली का नको?’ (पाऊस थांबला तरी पानं ठिबकत राहतात.) ‘स्लॅबवर का नको?’ (स्लॅब तापतो, आणि मुलांना तिथे जाता येत नाही.) चेंडू, गुरं आणि कोकणात असाल तर माकडं यांचाही विचार करा. वाऱ्याच्या फिरत्या वाट्या माकडांना फार आवडतात.

चर्चेतून बहुतेक वेळा मैदानाचा एखादा कोपरा निघतो. इमारतीपासून ३०, ४०, कधी ६० मीटर. इथे सिग्नलचा प्रश्न उभा राहतो.

३. लहर वाटेत काय काय भोगते?

खोक्यावर ‘रेंज १०० मीटर’ असं लिहिलेलं असतं. मोकळं मैदान, मध्ये काहीही नाही, अशा परिस्थितीतला तो आकडा आहे. आपल्याकडे मध्ये शाळा असते! लहरीचं नुकसान कशाने होतं ते चार मुद्द्यांत सांगता येतं.

*अंतर.* कंदिलाचा उजेड जसा पसरत जातो तशीच लहर पसरत जाते. अंतर दुप्पट झालं की पोचणारी ताकद चौथाई होते, तिप्पट झालं की नववा भाग. मुलं वर्गसंख्या शिकलेली असतात, त्यांना हे पटकन जमतं.

*अडथळा.* लाकूड, कौल, प्लास्टिक, साधी काच यांतून लहर बऱ्यापैकी आरपार जाते. जाड दगडी किंवा जांभ्याची भिंत तिला चांगलीच थकवते. सळ्यांचं जाळं असलेलं काँक्रीट त्याहून जास्त. आणि पत्रा तर तिला परतच पाठवतो. पत्र्याची शेड, लोखंडी कपाट, शटर, पाण्याने भरलेली टाकी या सगळ्या लहरीच्या दृष्टीने बंद दारं आहेत.

*लहरीची लांबी.* हे गणित मुलांना करू द्या. ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. अनेक संच ४३३ मेगाहर्ट्झवर चालतात. ३०० ÷ ४३३ म्हणजे सुमारे ०.६९ मीटर, म्हणजे ६९ सेंटिमीटर. तिचा चौथा भाग सुमारे १७ सेंटिमीटर. अशा संचांचा अँटेना बऱ्याचदा एवढाच का असतो, याचं उत्तर इथे मिळतं. पट्टीने मोजून बघा. काही संच ८६८ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात, त्यांची लहर निम्मी, सुमारे ३५ सेंटिमीटर.

(संच घ्यायचा असेल तर एक सूचना: ९१५ मेगाहर्ट्झचे संच अमेरिकेच्या बाजारासाठी असतात. आपल्याकडे त्या आसपासच्या लहरी मोबाईल सेवेकडे आहेत. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी विनापरवाना खुला आहे. विकत घेण्याआधी दुकानदाराला ‘हा भारतात चालतो ना?’ असं स्पष्ट विचारा.)

*वाटेची जाडी.* हा मुद्दा बहुतेकांना नवीन असतो. दोन अँटेना एकमेकांना ‘दिसले’ की झालं, असं आपल्याला वाटतं. पण लहर दोरीसारखी सरळ रेषेत जात नाही. तिला जागा लागते. त्या जागेचा आकार पखवाजासारखा असतो: दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये फुगीर. ६० मीटर अंतर आणि ४३३ मेगाहर्ट्झची लहर घेतली तर मधोमध या पखवाजाची त्रिज्या सुमारे ३.२ मीटर येते. आता विचार करा. सेन्सर २ मीटरवर, डिस्प्ले टेबलावर १ मीटरवर. म्हणजे मधोमध पखवाजाचा खालचा बराच भाग जमिनीतच गेला! तरीही निरोप पोचू शकतो, पण ताकद कमी होते. म्हणून निदान एक टोक उंच करायचं.

कोणतं टोक? तापमापक २ मीटरच्या वर नेता येत नाही. मग डिस्प्ले वर न्यायचा. वरच्या मजल्यावरची खिडकी, किंवा वर्गातली उंच फळी. सुरुवातीच्या नियमाचं उत्तर इथे पुन्हा तेच येतं.

४. ‘मे महिन्यात छान चालत होतं!’

संच उन्हाळ्याच्या सुट्टीत किंवा जूनच्या सुरुवातीला बसवला जातो. तेव्हा सगळं सुरळीत असतं. जुलैत मात्र डिस्प्लेवर आकड्यांच्या जागी रेघा दिसायला लागतात. मुलं म्हणतात, ‘पावसाने सिग्नल अडवला.’

खरं म्हणजे ४३३ किंवा ८६८ मेगाहर्ट्झच्या लहरीला पडणारा पाऊस जवळजवळ अडवतच नाही. इतक्या लांब लहरीपुढे थेंब फार बारीक असतो. मग अडवतं कोण? भिजलेली पानं आणि भिजलेली भिंत. मे महिन्यात ज्या झाडाच्या फांद्या विरळ होत्या ते आता पाण्याने निथळत असतं. जांभ्याची कोरडी भिंत आता पाणी पिऊन बसलेली असते. पाणी रेडिओ लहरीची ताकद शोषून घेतं. त्यात मैदानावरचं गवत वाढलेलं असतं, बॅटरीच्या खणात ओल शिरलेली असते, आणि मुलं वर्गाची दारं-खिडक्या लावून आत दाटीने बसलेली असतात. माणसाच्या शरीरातही पाणीच जास्त!

एकेक गोष्ट थोडीथोडी खाते. मे महिन्यात निरोप जेमतेम पोचत असेल तर जुलैत तो पोचणार नाही. म्हणून ‘आज चालतंय’ एवढ्यावर समाधान मानायचं नाही. हातात ताकद राखीव हवी. घरात महिन्याच्या शेवटासाठी चार पैसे बाजूला ठेवतो, तसंच.

ही राखीव ताकद यंत्राशिवाय मोजता येते. खालची तिसरी कृती त्यासाठीच आहे.

५. करून बघण्याच्या कृती

*कृती १: लहर कोणाला घाबरते?*
साहित्य: एफएम लागणारा छोटा रेडिओ, स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल, टॉवेल, पुठ्ठ्याचा खोका, झाकणाचा स्टीलचा डबा.
रेडिओ लावा, अँटेना आत ढकला. आधी पुठ्ठ्याच्या खोक्यात, मग कोरड्या टॉवेलमध्ये, मग पूर्ण फॉइलमध्ये गुंडाळा, शेवटी डब्यात ठेवून झाकण लावा. प्रत्येक वेळी आवाज तसाच राहतो, नुसता दबतो, की स्टेशनच जाऊन खरखर येते, हे मुलांनी लिहायचं. टॉवेलने आवाज दबणं वेगळं आणि स्टेशन जाणं वेगळं, हा फरक मुलांकडूनच येऊ द्या. डब्याच्या झाकणाला फट राहिली तर स्टेशन थोडं लागू शकतं. ‘फटीतून कोण आत आलं?’ या प्रश्नावर छान चर्चा होते.

*कृती २: आठ मिनिटांची मोजणी*
१६ सेकंदांना एक निरोप, म्हणजे ८ मिनिटांत ३० निरोप. निरोप आला की बऱ्याच डिस्प्लेवर अँटेनाचं छोटं चिन्ह लुकलुकतं किंवा वाऱ्याचा आकडा बदलतो. आपल्या संचात खूण कोणती ते पुस्तिकेत बघा. बाहेरचा संच ठरलेल्या कोपऱ्यात उभा करा. डिस्प्ले घेऊन एकेक जागा तपासा: कार्यालयातलं टेबल, लोखंडी कपाटावर, खिडकीत, वरच्या फळीवर, वरच्या मजल्यावर. एका मुलाकडे घड्याळ, एकाकडे ताळ्याच्या खुणा, एकजण नकाशावर जागेला क्रमांक देणारा.

समजा एका जागी ३० पैकी २४ आले, तर ८० टक्के. २७ आले तर ९० टक्के. शेकडेवारीचं याहून चांगलं उदाहरण पुस्तकाबाहेर शोधून सापडायचं नाही. शेवटी मुलांनी नकाशावर जागा रंगवायच्या: ९५ टक्क्यांच्या वर हिरवा, ८० ते ९५ पिवळा, त्याखाली लाल.

एक गंमत दिसेल. कधीकधी लाल जागेपासून वीतभर सरकलं की हिरवी जागा सापडते. भिंतींवरून आपटून आलेल्या लहरी आणि सरळ आलेली लहर काही ठिकाणी एकमेकींना मदत करतात, काही ठिकाणी एकमेकींना मारतात. म्हणून ‘इथे येत नाही’ असं म्हणण्याआधी डिस्प्ले वीतभर इकडे-तिकडे सरकवून बघायचा.

*कृती ३: राखीव ताकद*
निवडलेल्या हिरव्या जागी डिस्प्ले ठेवा. आता बाहेरचा संच उचलून, त्याच दिशेने, दुप्पट अंतरावर न्या. ३० मीटरवर असेल तर ६० वर. पुन्हा आठ मिनिटं मोजा. इथेही निरोप जवळजवळ सगळे आले, तर मूळ जागी आपल्याकडे निदान चौपट ताकद राखीव आहे. पावसाळा निभावण्याची आशा बऱ्यापैकी धरता येते. निरोप गळायला लागले, तर समजायचं की मूळ जागा काठावर आहे, जुलैआधी काहीतरी सुधारायला हवं. मागे तेवढी मोकळी जागा नसेल तर वर्गाची सगळी दारं-खिडक्या लावून आणि मुलांना रांगेने मध्ये उभं करून मोजा. ही चाचणी तितकी नेमकी नाही, पण अंदाज येतो.

६. सिग्नल कमी पडला तर कोणत्या क्रमाने सुधारायचं?

आधी फुकटचे उपाय, मग पैशांचे.

१. डिस्प्ले केंद्राच्या बाजूच्या खिडकीजवळ आणा. लोखंडी कपाट, पत्रा आणि फळ्याची लोखंडी चौकट यांच्यापासून दूर ठेवा. खिडकीला उभे लोखंडी गज असतील तर उभ्या अँटेनाची लहर त्यांना जास्त अडते. गजांच्या थोडं वर किंवा बाजूला ठेवून मोजणी करा.

२. उंची वाढवा. टेबलापेक्षा फळी बरी, फळीपेक्षा वरचा मजला.

३. अँटेना जुळवा. एक उभा असेल तर दुसराही उभाच हवा. एक उभा आणि एक आडवा असला की ताकद बरीच वाया जाते. आणखी एक गोष्ट: उभ्या अँटेनाच्या टोकाच्या दिशेने, म्हणजे थेट वर आणि थेट खाली, लहर सगळ्यात कमी जाते. म्हणून केंद्र स्लॅबवर आणि डिस्प्ले बरोबर त्याच्याखाली ही रचना जवळची वाटली तरी वाईट. मध्ये सळ्यांचा स्लॅब, आणि दिशाही नेमकी चुकीची.

४. गोंगाट कमी करा. वायफाय राउटर, टीव्ही, इन्व्हर्टर, मोबाईलचे चार्जर आणि काही एलईडी दिवे यांच्या आसपास रेडिओची खरखर असते. डिस्प्ले त्यांच्यापासून दोन-तीन हात लांब ठेवा. दिवे आणि इन्व्हर्टर बंद करून पुन्हा आठ मिनिटं मोजली की दोषी कोण ते कळतं. गाड्यांच्या चाव्या आणि वायरलेस बेलसुद्धा पुष्कळदा ४३३ वरच बोलतात, पण ती बोलणी क्षणभराची असतात.

५. बॅटरी. पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचीच, आणि दोन्ही एकदम नव्या. पावसाळा सुरू होण्याआधी बदला. बदलल्यावर डिस्प्लेने आपलाच सेन्सर पकडला आहे ना हे बघा. शेजारी तसाच संच असेल तर भलतीकडचे आकडे येऊ शकतात. सेन्सरवर हाताची ओंजळ धरून तापमान वाढतं का बघणं, ही सोपी खातरजमा.

६. मधल्या फांद्या आणि वेली छाटा. झाड तोडायचं नाही. वाट मोकळी होईल इतकंच.

७. हे सगळं करूनही जमलं नाही, तर रिसीव्हरच जवळ न्या. काही संचांत रिसीव्हरची वेगळी छोटी डबी मिळते, ती केंद्राच्या जवळच्या खोलीत ठेवायची आणि तिथून वायफायवर किंवा वायरने आकडे आणायचे. काही कंपन्या निरोप पकडून पुढे ढकलणारा रिपीटरही देतात.

या यादीत ‘केंद्र भिंतीजवळ आणा’ हा उपाय नाही, हे मुलांच्या लक्षात आणून द्या. केंद्र तापलेल्या भिंतीला चिकटवलं तर निरोप शंभर टक्के पोचतील, पण ते भिंतीचं तापमान सांगतील. निरोप आला म्हणजे तो खरा आहे असं नाही.

मोठ्या यंत्रणांनाही हीच अडचण असते. हवामान विभागाच्या बऱ्याच स्वयंचलित केंद्रांनी माहिती पाठवण्यासाठी उपग्रहाची वाट धरली. केंद्र जिथे मोजायला योग्य तिथेच राहतं, आणि अँटेना उपग्रहाच्या दिशेने रोखलेला असतो. मोजायची जागा पक्की ठेवून निरोपाची वाट शोधायची, हे तत्त्व तिथेही तेच.

७. रेघ म्हणजे शून्य नव्हे

माझ्या मते या पाठातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे.

सिग्नल तुटला की डिस्प्लेवर आकड्याच्या जागी रेघ येते. वहीत नोंद करणारा मुलगा किंवा मुलगी त्या रेघेचं काय करते? पुष्कळदा ‘०’ लिहिते. रकाना रिकामा ठेवायचा नाही असं आपणच शिकवलेलं असतं ना! पण ‘पाऊस ०’ याचा अर्थ ‘पाऊस पडला नाही’. रेघेचा अर्थ ‘आपल्याला माहीत नाही’. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

उदाहरण घ्या. दुपारी २ वाजता आजचा एकूण पाऊस ४६.२ मिलिमीटर. मग सिग्नल गेला. ४ वाजता आला तेव्हा आकडा ७१.८. बऱ्याच संचांत सेन्सर आजपर्यंतची एकूण मोजणी पाठवत राहतो, म्हणून मधले निरोप हुकले तरी बेरीज हरवत नाही. ७१.८ वजा ४६.२ म्हणजे २५.६ मिलिमीटर, म्हणजेच दर चौरस मीटरला २५.६ लिटर पाणी. वहीत लिहायचं: ‘२ ते ४: २५.६ मिमी, तासानुसार माहीत नाही.’ तापमान आणि वाऱ्याचं तसं नसतं. त्या दोन तासांत सोसाट्याचा वारा आला असेल तर तो कायमचा हुकला. तिथे रेघच राहील, आणि दिवसाच्या ‘सर्वाधिक वारा’ या रकान्यात ‘अपुरी नोंद’ असा शेरा.

हे एवढं महत्त्वाचं का? आपल्या शाळेतली बरीच मुलं शेतकऱ्यांच्या घरची आहेत. राज्यात ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळ पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रं उभी आहेत आणि पीक विम्यात त्यांच्या नोंदी वापरल्या जातात. पावसाच्या एका आकड्यावर घरात येणारे पैसे अवलंबून असू शकतात, हे या मुलांनी घरी ऐकलेलं असतं. आपल्या शाळेची वही विम्यासाठी चालत नाही, ती सरकारी नोंद नाही, हे पालकांना आधीच स्पष्ट सांगावं. पण आकडा कसा तयार होतो, कुठे हुकतो, आणि हुकला तर प्रामाणिकपणे काय लिहायचं, हे ज्या मुलाने पाचवीत हाताने केलं, तो मोठेपणी कुठल्याही आकड्याकडे डोळसपणे बघेल. ‘हे यंत्र कुठे बसवलंय?’ असा प्रश्न विचारेल.

म्हणून वहीत रोज दोन जादा रकाने ठेवा: ‘किती निरोप आले’ (रोज एकदा, आठ मिनिटांची मोजणी) आणि ‘शेरा’. दिवसाचा पाऊस सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० असा धरा. हवामान विभाग हीच वेळ धरतो, त्यामुळे वर्तमानपत्रातल्या आकड्याशी तुलना करता येते. महिन्याभराने निरोपांचा आलेख काढा. पावसाचे दिवस आणि निरोप गळण्याचे दिवस जुळतात का, हे मुलं स्वतः सांगतील.

८. सुरक्षितता

- दांडा रोवणं, वर चढणं ही कामं मोठ्यांनीच करावीत. विजेच्या तारांपासून दांडा आडवा पडला तरी लागणार नाही इतका लांब ठेवा.
- उघड्या मैदानातला उंच धातूचा दांडा विजेला आमंत्रण ठरू शकतो. गडगडाट सुरू झाला की केंद्राजवळ कोणीही जायचं नाही, कितीही महत्त्वाची नोंद असो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप शिक्षकांच्या मोबाईलवर असू द्या.
- वायरलेस संचाचा एक फायदा इथे आहे: मैदानातून वर्गात येणारी लांब तार नसते, त्यामुळे तारेवरून वीज आत येण्याचा धोका टळतो.

९. पालकांसाठी दोन शब्द

पालकहो, संच बसवायच्या दिवशी शाळेत जरूर या. झाडाची कुठली फांदी पावसाळ्यात वाढते, पाणी कुठे साचतं, वारा कुठल्या बाजूने येतो, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. आणि मूल घरी येऊन म्हणालं की ‘आज दुपारची नोंद नाही’, तर ‘एवढं महागाचं यंत्र आणि नोंद नाही?’ असं म्हणू नका. ‘का नाही? किती निरोप आले होते?’ असं विचारा. जमलं तर परसात एक सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवा. पावसानंतर पट्टीने पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजली की पावसाचा आकडा मिळतो. त्याला सिग्नल लागत नाही! शाळेच्या आकड्याशी तो ताडून बघणं हा मुलांचा आवडता उद्योग होईल.

स्वाध्याय

१. २० मीटरवर मिळणाऱ्या ताकदीच्या तुलनेत ६० मीटरवर किती ताकद मिळेल?
२. तुमचा संच ८६६ मेगाहर्ट्झवर चालतो. लहरीची लांबी आणि तिचा चौथा भाग काढा.
३. आठ मिनिटांत ३० पैकी २१ निरोप आले. शेकडा किती? नकाशावर कोणता रंग द्याल?
४. केंद्र पत्र्याच्या शेडच्या पलीकडे आहे. केंद्र न हलवता सिग्नल सुधारण्याचे तीन उपाय लिहा.
५. डिस्प्लेवर पावसाच्या जागी ‘--’ दिसत आहे. वहीत काय लिहाल आणि का?
६. तुमच्या घरात मोबाईलची रेंज सगळ्यात कमी कुठे मिळते? भिंत, छप्पर आणि कपाटं बघून कारण शोधा.

आपल्या शाळेत संच असेल तर येत्या शनिवारी आठ मिनिटांची मोजणी करून बघा. संच नसेल तरी रेडिओ आणि फॉइलची कृती उद्याच्या तासिकेला होऊ शकते.